काळ्या शिरेतले खनिज

२२ मे २०१२. दुपारचे दोन वाजून गेलेले. मे महिन्यात या वेळी काटोलच्या रस्त्यांवर माणूस दिसत नाही. जनावरेही गोठ्यात, नाहीतर लिंबाखाली. अशा वेळी आभाळात स्फोट व्हावा तसा आवाज झाला आणि काटोल शहरात व आजूबाजूच्या शिवारांत काळ्या सालीचे दगड येऊन पडले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयातील लोकांनी ते गोळा केले. सापडलेल्या सगळ्या तुकड्यांचे वजन सुमारे १३ किलो भरले. सर्वांत मोठा तुकडा किलोभराचा होता. म्हणजे संत्र्याच्या एका क्रेटमध्ये मावेल एवढाच हा ऐवज.

काटोल नागपूर जिल्ह्यात असले तरी वऱ्हाडाला ते परके नाही. काटोल-नरखेड आणि इकडे वरूड-मोर्शी हा एकच सलग संत्रापट्टा आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्रही काटोललाच आहे. दोन-चार दिवस वर्तमानपत्रांत या दगडांची चर्चा झाली, फोटो छापून आले आणि पुढच्या पेरणीच्या गडबडीत विषय मागे पडला. विज्ञानाच्या दृष्टीने खरी गोष्ट मात्र तिथून सुरू झाली.

नऊ वर्षांनी, २०२१ साली, अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात या दगडावर एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. खरगपूरच्या आयआयटीतील सुजय घोष व किशन तिवारी, अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतील द्विजेश रे आणि त्यांच्यासोबत जपान, जर्मनी व इटलीतील संशोधक यांचे हे काम. काटोलच्या दगडातील काळ्या बारीक शिरांमध्ये त्यांना ब्रिजमनाईट नावाचे खनिज सापडले होते. त्यात लोह आणि ॲल्युमिनियम होते. त्याआधीची तीस वर्षे प्रयोगशाळांमध्ये प्रचंड दाब आणि उष्णता देऊन जे ब्रिजमनाईट तयार केले जात होते, त्याच्याशी काटोलच्या खनिजाची घडण जवळजवळ जुळत होती. या घडणीचे ब्रिजमनाईट निसर्गात प्रथमच हाती लागले होते.

याचे मोल कळायला जरा खोल जावे लागेल. आपल्या पायाखाली सुमारे ६६० किलोमीटरपासून २९०० किलोमीटरपर्यंत पृथ्वीचे जे खालचे प्रावरण आहे, त्याचा बहुतेक भाग ब्रिजमनाईटचा आहे. पृथ्वीच्या एकूण आकारमानापैकी सुमारे ३८ टक्के वाटा या एकट्या खनिजाचा मानला जातो. म्हणजे पृथ्वीवर सर्वाधिक असलेले खनिज हेच. तरीही जमिनीवर ते कुठेच मिळत नाही. एवढ्या खोलवरचा माल वर येताना दाब उतरत जातो, आणि दाब उतरला की ब्रिजमनाईटची रचना टिकत नाही. त्याची दुसरी खनिजे होतात. जगातल्या सर्वांत खोल खाणी चार किलोमीटरच्या आसपास थांबतात. भोक पाडून तिथवर पोहोचण्याचा प्रश्नच येत नाही.

मग ते काटोलच्या दगडात कसे आले? अवकाशात लघुग्रह एकमेकांवर आदळतात. त्या धडकेच्या क्षणी दगडात फटी पडतात, फटींच्या कडेचा भाग वितळतो, आणि दाब इतका चढतो की पृथ्वीच्या पोटात असते तशी स्थिती क्षणभर निर्माण होते. वितळलेला रस लगेच गोठतो. त्या घाईत जी खनिजे तयार होतात त्यांतली काही मोडायला वेळच न मिळाल्याने तशीच अडकून राहतात. काटोलच्या शिरांमधील ब्रिजमनाईट २३ ते २५ गिगापास्कल दाबाखाली, थेट त्या रसातून स्फटिकरूप झाले असा संशोधकांचा निष्कर्ष आहे. हा दाब आपण श्वास घेतो त्या हवेच्या दाबाच्या सव्वादोन ते अडीच लाख पट होतो.

काटोलच्या दगडात नवीन खनिज सापडले असे पुष्कळांना वाटते. ते काटेकोरपणे खरे नाही. ब्रिजमनाईट हे नाव २०१४ सालीच ठरले होते. ऑस्ट्रेलियात १८७९ साली पडलेल्या टेनहॅम उल्कापाषाणात ओलिव्हर चाउनर आणि सहकाऱ्यांना ते ओळखता आले. त्याआधी कित्येक दशके शास्त्रज्ञ या पदार्थाविषयी बोलत होते, प्रयोगशाळेत तो बनवत होते, त्यावरून पृथ्वीच्या अंतरंगाची गणिते मांडत होते. पण त्याला खनिजाचे नाव नव्हते. नियमच तसा आहे. खनिज म्हणवून घ्यायचे तर पदार्थ निसर्गात सापडला पाहिजे, त्याची रासायनिक घडण मोजलेली हवी, अणूंची मांडणी सिद्ध झालेली हवी, आणि तपासलेला नमुना कुणालाही पुन्हा पाहता येईल अशा संग्रहालयात ठेवलेला हवा. आंतरराष्ट्रीय खनिजविज्ञान संघटनेचा आयोग १९५९पासून हे काम करतो. देशोदेशीचे प्रतिनिधी प्रस्ताव वाचतात, शंका काढतात, मग मत देतात. अशा छाननीतून टिकलेली खनिजे आज सहा हजारांच्या आसपास आहेत. ब्रिजमनाईटला नाव मिळाले ते पर्सी ब्रिजमन यांचे. अतिउच्च दाबाच्या भौतिकशास्त्रासाठी त्यांना १९४६चे नोबेल मिळाले होते.

या नियमांमागे मोठी ठेच आहे, आणि ती ठेच लागलेल्यांत आपला विदर्भही आहे.

स्टीफन हिस्लॉप १८४५मध्ये नागपुरात आले. मिशनरी माणूस, पण नागपूरच्या आसपासचे दगड, जीवाश्म, वनस्पतींचे ठसे यांत रमणारा. टाकळीजवळ त्यांना गवतासारख्या हिरव्या रंगाचे कॅल्साईट मिळाले. नमुने आयर्लंडमध्ये गेले आणि डब्लिनचे सॅम्युअल हॉटन यांनी १८५९मध्ये त्याला ‘हिस्लोपाईट’ म्हटले. हिस्लॉप यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांच्या नावाने त्याच सुमारास ‘हंटेराईट’ही आले. आज मान्य खनिजांच्या यादीत ही दोन्ही नावे नाहीत. हिस्लोपाईटच्या पृथक्करणात चुनखडीचा स्फटिक आणि हिरवा मातकट अंश असे दोन घटक निघत होते. रंग त्या दुसऱ्या घटकाचा. दोन खनिजांच्या मिसळीला खनिज म्हणता येत नाही. हॉटन यांच्याकडे आम्ल, तराजू आणि भट्टी होती. दगडाच्या आत अणू कसे रचलेले आहेत हे पाहायचे साधन जगातच नव्हते. ते क्ष-किरणांच्या रूपाने १९१२नंतर आले. हिस्लॉप १८६३मध्ये नदी ओलांडताना बुडून गेले. त्यांचे नाव आज नागपूरच्या महाविद्यालयाने राखले आहे, खनिजाने नाही.

पुढची पिढी भूवैज्ञानिक लुईस ली फर्मर यांची. भारतातील मँगनीजच्या खाणींवर १९०९ साली त्यांनी प्रचंड ग्रंथ लिहिला. खाणीखाणींतून हिंडून नवीन वाटलेल्या खनिजांना त्यांनी नावे दिली. नागपूर जिल्ह्यातील बेलडोंगरीच्या खनिजाला ‘व्रेडेनबर्गाईट’, छिंदवाड्याकडील सीतापारच्या खनिजाला ‘सीतापाराईट’. पुढे चकाकी दिलेल्या कापाखाली व्रेडेनबर्गाईट हे दोन खनिजांचे गुंफलेले मिश्रण निघाले. सीतापाराईट हे अमेरिकेत आधीच नाव मिळालेले बिक्सबाईट ठरले. झाबुआकडच्या काजळीडोंगरीचे हॉलंडाईट मात्र टिकले, आणि नुसते टिकले नाही. अणुभट्टीतला किरणोत्सारी कचरा कृत्रिम दगडात बंद करण्याची जी पद्धत ऑस्ट्रेलियात टेड रिंगवूड यांनी मांडली, त्यात हॉलंडाईटची रचना वापरली गेली.

फर्मर यांच्या बेलडोंगरीपेक्षाही मला त्यांची दुसरी एक कल्पना मोठी वाटते. १९१३ साली त्यांनी असे सुचवले की गार्नेट हे खनिज भूगर्भातल्या दाबाचे मापक आहे आणि कवचाखाली गार्नेटने समृद्ध असा थर असावा. भूकंपलहरींचे शास्त्र तेव्हा बाल्यावस्थेत होते. काटोलच्या शिरांत ब्रिजमनाईटच्या सोबत जे दुसरे खनिज आहे, ते मेजोराईट; म्हणजे उच्च दाबाखालचे गार्नेटच. फर्मर ज्या मुलखात खाणी पालथ्या घालत होते, त्याच मुलखात शंभर वर्षांनी हा पुरावा आभाळातून पडावा याचे मला अपार आश्चर्य वाटते.

खनिज ओळखताना पहिला दगा रंग देतो. वऱ्हाडात विहीर खोदताना काळ्या पाषाणात हिरवी पुटे लागली की कुणीतरी हमखास ‘तांबं आहे’ म्हणतो. बहुधा ते सेलॅडोनाईट असते आणि त्याचा हिरवा रंग लोहाचा असतो. पुणे-जळगावकडचे देखणे हिरवे ॲपोफिलाईट व्हॅनेडियममुळे हिरवे दिसते. वाघोलीच्या खाणीतले निळेशार कॅव्हान्साईट पाहून पहिल्यांदा कुणालाही तांब्याचेच क्षार आठवतील. तिथेही निळाई व्हॅनेडियमचीच. त्याच वाघोलीत पेंटॅगोनाईट मिळते. दोन्हींत कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिकॉन, ऑक्सिजन आणि पाणी यांचे प्रमाण अगदी सारखे. रासायनिक सूत्रावरून त्यांत भेद करता येत नाही. अणूंची मांडणी वेगळी, म्हणून खनिजे दोन.

तांब्याची खरी हिरवी-निळी खनिजे बघायची तर इंग्लंडच्या कॉर्नवॉलकडे जावे लागते. तिथल्या जुन्या खाणींत तांबे आणि आर्सेनिक यांची गंधकयुक्त खनिजे हवा-पाण्याने कुजून तांब्याची आर्सेनेटे तयार झाली. ऑलिव्हेनाईट, क्लिनोक्लेज, कॉर्नवॉलाईट, कॉर्न्युबाईट अशी कितीतरी. तांबे, आर्सेनिक, ऑक्सिजन, हायड्रोजन एवढेच घटक, प्रमाण थोडेफार बदलणारे. त्यांतही कॉर्नवॉलाईट आणि कॉर्न्युबाईट यांचे सूत्र एकच आहे. दोन्ही हिरवी, दोन्हींची पुटे एकाच दगडावर येऊ शकतात. नव्या ताम्र-आर्सेनेटाचा दावा करणाऱ्याला म्हणूनच दोन परीक्षा द्याव्या लागतात: इलेक्ट्रॉनांचा झोत टाकून कोणते मूलद्रव्य किती हे मोजायचे, आणि क्ष-किरण टाकून त्यांच्या रांगा कशा लागल्या आहेत हे काढायचे. एका परीक्षेवर भागत नाही.

काटोलच्या बाबतीत या परीक्षा फार कठीण होत्या. दगड ‘एल ६’ गटातला. त्यात लोह कमी, आणि मूळ लघुग्रहावर तो इतका तापलेला की त्यातले गोल दाणे जवळजवळ पुसले गेलेले. अशा दगडाचा माणसाच्या केसापेक्षाही पातळ काप घासून काढतात. सूक्ष्मदर्शकाखाली काळ्या शिरा दिसतात. शिरेतले एक-एक बारीक क्षेत्र इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने चाळायचे, संशय आला की लेसर टाकून रामन वर्णपट घ्यायचा. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८मध्ये दाखवलेला परिणाम आज खनिजशास्त्राचे रोजचे हत्यार झाला आहे. अडचण अशी की ब्रिजमनाईट साध्या दाबाला मुळात अस्थिर असते. झोताची ऊर्जा जरा जास्त झाली की त्याची रचना कोसळते आणि मागे काचेसारखा गोळा राहतो. मग पुरावा जळाला असेच म्हणायचे. त्यामुळे टेनहॅमच्या दगडावरही पिढ्यान्‌पिढ्या संशोधक अडखळले होते.

काटोलच्या संशोधकांनी ब्रिजमनाईटची रचना तर सिद्ध केलीच, शिवाय त्यातले लोह कोणत्या अवस्थेत आहे हेही मोजले. लोहाचे अणू दोन अवस्थांत असतात. एकात दोन इलेक्ट्रॉन गेलेले, दुसऱ्यात तीन. काटोलच्या ब्रिजमनाईटमधील एकूण लोहापैकी ०.६९ भाग तीन इलेक्ट्रॉन गेलेल्या अवस्थेत निघाला. शेजारच्या मेजोराईटमध्ये तो ०.३७. प्रयोगशाळेतल्या कृत्रिम नमुन्यांनीही हाच कल दाखवला होता. पृथ्वी घडत असताना ती वितळलेल्या खडकाचा समुद्र होती. तो समुद्र थंड होत गेला तेव्हा खालच्या प्रावरणात लोहाची वाटणी कशी झाली, याची गणिते अशा आकड्यांवर उभी आहेत. काटोलच्या शिरेत ब्रिजमनाईट रसातूनच गोठले असल्याने त्या आद्य समुद्राच्या शेवटच्या टप्प्याशी त्याची तुलना करता येते. हिस्लोपाईट, हंटेराईट, व्रेडेनबर्गाईट या तीन नावांनी मिळून विज्ञानाला जेवढे दिले, त्याहून अधिक काटोलच्या या एका मोजमापाने दिले, आणि तेही एकही नवे नाव न मागता. माझे मत तरी असेच आहे.

धडकेच्या खनिजाने वाद मिटवल्याचे उदाहरण खुद्द वऱ्हाडात आहे. लोणार. बुलढाणा जिल्ह्यातील हे सुमारे १.८ किलोमीटर रुंद विवर ज्वालामुखीचे की उल्केचे, यावर शतकभर वाद होता. सरोवराचा क्षार प्रसिद्ध होता. ‘आईन-ए-अकबरी’त काच व साबणासाठीच्या त्याच्या उपयोगाचा उल्लेख आहे. डल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की असे क्षारांचे प्रकार तिथले लोक पाहून-चाखून वेगळे काढत. ते सर्व सोडियमचे कार्बोनेट आणि मीठ यांच्या कमी-जास्त मिसळीचे. पण क्षारांवरून विवराचा उगम ठरेना. १९७०च्या दशकाच्या आरंभी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि अमेरिकेची स्मिथसोनियन संस्था यांच्या संशोधकांनी तळात छिद्रे घेतली. वर आलेल्या खडकात मास्केलिनाईट मिळाले. फेल्डस्पार हे खनिज प्रचंड धक्क्याने न वितळता काच होते, ती ही काच. १८६५ साली बिहारातील शेरघाटीला पडलेल्या उल्कापाषाणात ती प्रथम ओळखली गेली होती. ज्वालामुखी असा धक्का देऊ शकत नाही. १९७३मध्ये फ्रेड्रिकसन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांनी ‘सायन्स’मध्ये निकाल जाहीर केला. वय किती यावर अजून मतभेद आहेत. एक पद्धत सुमारे ५२ हजार वर्षे सांगते, दुसरी ५ लाख ७० हजार. उगमाविषयी मात्र आता कोणी वाद घालत नाही.

खनिज ओळखणे हा उल्कांपुरता विषय आहे असे मात्र कुणी समजू नये. अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांतून पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंनी खारपाण पट्टा पसरला आहे. तिथे विहिरीचे पाणी वावराला देण्याची सोय नाही. दिले तर काळी जमीन चोपण होते. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमि उपयोग नियोजन ब्युरोतील संशोधकांनी या मातीवर वर्षानुवर्षे क्ष-किरणांनी काम केले. बेसॉल्ट झिजून झालेले स्मेक्टाईट हे तिचे मुख्य चिकण-खनिज. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि आपल्या शेतातल्या हातभर भेगा त्यामुळे पडतात. कोरड्या हवामानात मातीतच चुनखडीचे खडे बनू लागले की कॅल्शियम त्या खड्यांत अडकते, मातीच्या कणांवर सोडियमचा ताबा येतो आणि पाणी खाली झिरपेनासे होते. हा शोध एखाद्या दुर्मिळ स्फटिकाच्या शोधाइतका चर्चेत आला नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने त्याचे मोल अधिक आहे, कारण जिप्सम कुठे घालायचे आणि कुठे घालून उपयोग नाही, हे त्यावरून कळते.

एवढे सगळे सांगण्याचे कारण असे की या भागात आभाळातून किंवा जमिनीतून काही वेगळे मिळते तेव्हा पहिल्या दोन-तीन दिवसांत आपण काय करतो यावर पुढचे सगळे अवलंबून असते. २ एप्रिल २०२२ रोजी, ऐन गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भाच्या आभाळातून जळते गोळे सरकत गेले. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरीत धातूचे मोठे कडे पडले. ते चिनी रॉकेटचे अवशेष असावेत असा तज्ज्ञांचा कयास आहे. गावकऱ्यांनी कळवले, प्रशासनाने वस्तू ताब्यात घेतल्या, म्हणून असा अंदाज तरी बांधता आला. काटोललाही हेच झाले. दगड पडले त्याच काळात गोळा झाले, पावसाच्या आधी उचलले गेले, कुठून आले याची नोंद राहिली. जून उजाडून चिखलात गेले असते तर लोहाला गंज चढला असता. मग एकूण लोहापैकी किती भाग मुळात कोणत्या अवस्थेत होता, हे सांगायला कोणी धजावले नसते.

माझी तक्रार आहे ती नंतरच्या काळाविषयी. काटोलच्या दगडाविषयी आज जपानात माहिती आहे, जर्मनीत आहे; वरूडच्या किंवा अकोटच्या शाळेतल्या मुलाला नाही. अमरावतीला १९२३मध्ये किंग एडवर्ड कॉलेज म्हणून सुरू झालेली शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था आहे, संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठात भूविज्ञानाचा विभाग आहे, अकोल्याला कृषी विद्यापीठ आहे. लोणारचे आघातशिलेचे तुकडे, बेलडोंगरीचे मँगनीज, पूर्णेकाठचे चुनखडीचे खडे आणि काटोलच्या एखाद्या कापाचे मोठे केलेले छायाचित्र एवढे जरी एका दालनात, नेमक्या गावांच्या नावांसह, मराठी पाट्या लावून मांडले, तरी पंचक्रोशीतल्या मुलांना आपल्या मातीकडे पाहण्याची नजर मिळेल. त्याला फार पैसा लागत नाही.

आणि वाचकांसाठी एक विनंती. वावरात, धुऱ्यावर, छपरावर अनोळखी दगड पडलेला दिसला, विशेषतः वरून काळी पातळ साल, आत राखाडी, हातात अपेक्षेपेक्षा जड आणि लोहचुंबकाला ओढणारा, तर तो धुऊ नका, तापवू नका, हातोडीने फोडू नका. पडलेल्या जागेचा फोटो काढा, गट नंबर लिहून ठेवा, दगड स्वच्छ कोरड्या कागदात गुंडाळा आणि तलाठ्याला किंवा तहसील कार्यालयाला कळवा. भारतात पडलेल्या उल्कापाषाणांची जपणूक भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे असते, आणि त्यांचे आपल्याला जवळचे कार्यालय नागपुरात सेमिनरी हिल्सवर आहे.